स्वयंचलित गळधारक

स्वयंचलित गळधारक म्हणजे मासे धरण्याची काठी वाकवून ताणलेल्या स्थितीत धरणारे आणि माशाने आमिष ओढताच ती काठी आपोआप मोकळी करणारे उपकरण होय. काठी सरळ होताना दोरीला हिसका बसतो आणि गळाचे टोक माशाच्या जबड्यात रुतते. एरवी हा हिसका मासेमाराला स्वतःच्या हाताने, तोही नेमक्या क्षणी, द्यावा लागतो. गोठलेल्या तलावांवरील मासेमारीत हे उपकरण विशेष प्रचलित आहे. त्यामागील तत्त्व मात्र बर्फाशी बांधलेले नाही. ताणलेली कमान, तिला अडवणारा खटका आणि खटका सोडवणारा हलका स्पर्श या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे ते तत्त्व लागू पडते. उंदीर पकडण्याचा कमानीचा सापळा हे त्याचे घरोघरी परिचित असलेले उदाहरण आहे.

बर्फाखालील मासेमारी

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये, कॅनडाचे ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा हे प्रांत, तसेच फिनलंड, स्वीडन व रशिया येथे हिवाळ्यात तलावांचा पृष्ठभाग गोठतो. पाण्याची घनता सुमारे ४° सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक असते. त्यामुळे त्याहून थंड पाणी वर राहते व प्रथम तेच गोठते. तळाशी सुमारे ४° तापमानाचे पाणी द्रवरूपात टिकून राहते. याच थरांत मासे हिवाळा काढतात. बर्फाला गिरमिटाने साधारण १५ ते २५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून त्यातून गळ सोडला जातो.

थंड पाण्यात माशांच्या शरीरक्रिया मंदावतात. मासा आमिषावर तुटून पडत नाही. तो ते हलकेच तोंडात घेतो आणि संशय आल्यास टाकून देतो. या दोन क्रियांमध्ये अनेकदा एकदोन सेकंदांचेच अंतर असते. दुसरीकडे मासेमाराची बोटे थंडीने बधिर झालेली असतात, हातमोज्यांतून दोरीची सूक्ष्म थरथर जाणवत नाही आणि वाऱ्यापासून आडोसा शोधावा लागतो. मिनेसोटात हिवाळ्यात एका व्यक्तीला दोन दोऱ्या टाकण्याची मुभा आहे. दोन्ही भोकांवर सारखे लक्ष ठेवणे एकट्याला कठीण जाते. या अडचणींतून दोन प्रकारची साधने पुढे आली. पहिल्या प्रकारात मासा लागताच निशाण वर उडते. मासेमार ते पाहून धावतो आणि हिसका स्वतःच्या हाताने देतो. दुसरा प्रकार प्रस्तुत गळधारकाचा. त्यात हिसकाही उपकरणच देते.

रचना

उपकरणाचे चार भाग असतात.

१. बैठक : बर्फावर किंवा जमिनीवर स्थिर राहणारी फळी अथवा धातूची चौकट. काठी सुटताना बैठक उलटू नये म्हणून ती पुरेशी लांब व जड असावी लागते.

२. काठीची खोबण : काठीची मूठ पक्की बसेल अशी नळी. ती मागे कललेली असते. त्यामुळे मोकळ्या स्थितीत काठीचे टोक आकाशाकडे राहते.

३. अडकण : वाकवून खाली आणलेली काठी धरून ठेवणारी आकडी.

४. खटका : आकडीला जोडलेली तरफ. भोकात उतरणारी दोरी या तरफेच्या लांब भुजेवरून जाते. दोरीला खालून ओढ बसली की तरफ फिरते, आकडी सरकते आणि काठी सुटते.

काठी सुटल्यानंतर उपकरणाचे काम संपते. मासेमार काठी खोबणीतून उचलतो आणि पुढे मासा नेहमीच्या रीतीने हातानेच ओढून घेतो.

कार्यतत्त्व

वाकवलेल्या काठीत स्थितिस्थापक ऊर्जा साठते. काठीचे टोक ५० सेंटिमीटर खाली आणून धरण्यास अखेरीस १० न्यूटन, म्हणजे सुमारे एक किलो वजनाइतके, बल लागते असे समजू. बल वाकण्याच्या प्रमाणात वाढत गेले असे मानल्यास साठलेली ऊर्जा १० × ०.५ ÷ २, म्हणजे २.५ ज्यूल होते. गळाचे टोक धारदार असेल तर ते रुतण्यास एवढी ऊर्जा पुरेशी ठरते. बोथट गळ मात्र मोठ्या हिसक्यानेही रुतत नाही. म्हणूनच कमान अधिक जोरकस करण्याआधी गळाला धार लावणे इष्ट असते.

उपकरणाचे खरे कौशल्य खटक्यात आहे. दहा न्यूटनांनी वर उसळू पाहणारी काठी धरून ठेवायची आणि तरीही माशाच्या किंचित ओढीने ती सोडायची, या परस्परविरोधी वाटणाऱ्या अपेक्षा तरफ पूर्ण करते. आकडी व काठी यांच्यातील घर्षणांक ०.२ धरला, तर आकडी सरकवण्यास १० × ०.२, म्हणजे २ न्यूटन बल लागेल. तरफेची लांब भुजा १० सेंटिमीटर व आखूड भुजा १ सेंटिमीटर असल्यास दोरीवर केवळ ०.२ न्यूटन ओढ पुरते. ही ओढ सुमारे २० ग्रॅम वजनाइतकी आहे. मात्र आमिष, गळ व शिसे यांचे पाण्यातील एकत्रित वजन या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे कमी असले पाहिजे. अन्यथा मासा येण्यापूर्वीच खटका सुटतो.

याच गणितातून घर्षणाचे महत्त्व लक्षात येते. आकडीवर गंज चढला किंवा बर्फाचा पातळ थर जमला, तर लागणारे बल कित्येक पटींनी वाढते आणि उपकरण निरुपयोगी होते. म्हणून आकडी व तिला टेकणारा भाग गुळगुळीत, न गंजणाऱ्या तारेचा करण्याची पद्धत आहे.

घरगुती बांधणी

बाजारात तयार गळधारक मिळत असले, तरी अनेक हौशी मासेमार ते घरीच बनवतात. लाकडी फळी, नळकामातील प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, जाड तार, एक बिजागरी आणि काही स्क्रू एवढ्या सामग्रीत ते तयार होऊ शकते. प्रथम फळीच्या मागील बाजूस नळी तिरकी बसवून तीत काठी ठेवतात. काठी वाकवल्यावर तिचा पुढचा भाग कोठे येतो ते पाहून तेथे उभी पट्टी ठोकतात आणि तिच्यावर तारेची तरफ फिरती बसवतात. तरफेचे आखूड टोक आकडीसारखे वळवलेले असते. लांब टोकाला दोरी अडकवण्यासाठी उघडा वळसा ठेवतात. काठी सुटताच दोरी या वळशातून विनासायास निसटली पाहिजे. दोरी बंद कडीत ओवल्यास हिसका माशापर्यंत न पोहोचता उपकरणालाच बसतो. घरगुती बांधणीत ही चूक वारंवार होते.

उपकरण पाण्यावर नेण्यापूर्वी त्याची चाचणी घेणे आवश्यक असते. त्यासाठी दोरीला गळ न बांधता लहान पिशवी बांधतात आणि तीत थोडी थोडी वाळू घालत खटका किती वजनाला सुटतो ते पाहतात. तो फार लवकर सुटत असल्यास आकडीची पकड वाढवतात. उशिरा सुटत असल्यास पकड कमी करतात किंवा तरफेची लांब भुजा वाढवतात.

इतर स्वयंचलित पद्धती

मासा आपल्याच हालचालीने अडकावा अशी योजना जगात अनेक ठिकाणी आढळते. सर्वांत सोपी योजना जड शिशाची आहे. आमिष घेऊन मासा वळला की शिशाच्या जडत्वामुळे दोरीला झटका बसतो आणि गळ रुततो. युरोपात कार्प वर्गातील माशांसाठी ही रीत रूढ आहे. दुसरी योजना वर्तुळाकार गळाची. त्याचे टोक आत, दांड्याच्या दिशेने वळलेले असते. मासा दूर जाऊ लागला की गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. येथे हिसक्याची गरज नसते. किंबहुना जोराचा हिसका दिल्यास हा गळ निसटतो. मत्स्यतज्ज्ञ आन्द्रेस फॉन ब्रान्ट यांनी जगातील मासेमारीच्या पद्धतींचे वर्गीकरण करणारा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. वाकवलेल्या लवचीक फांदीच्या जोरावर मासा उचलणाऱ्या साधनांनाही अशा वर्गीकरणात स्थान दिले जाते.

भारतीय परंपरा

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ.स. ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना द्यावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन येते. जुन्या मराठीच्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ परिचित आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या वर्णनातील माशांची आधुनिक शास्त्रीय दृष्टीने ओळख पटवण्याचा प्रयत्न केला. गळाने मासे धरणे हा उपजीविकेखेरीज एक विचारपूर्वक जोपासलेला छंदही होता, हे या प्रकरणावरून दिसते. गळाला लागणे, गळ टाकून बसणे, आमिष दाखवणे हे मराठीतील वाक्प्रचारही याच अनुभवातून आले आहेत.

पातूर व वऱ्हाडातील परिस्थिती

पातूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण अकोला–वाशीम मार्गावर डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले असून तेथील कोरीव लेण्यांसाठी ते ओळखले जाते. तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यातील मोर्णा व निर्गुणा या नद्यांवर धरणे आहेत. येथे उन्हाळ्यात तापमान ४०° सेल्सिअसच्या वर जाते आणि हिवाळ्यातही जलाशय गोठत नाहीत. त्यामुळे बर्फावर ठेवण्याच्या बैठकीचा येथे उपयोग नाही. काठावरील मातीत रोवता येईल अशी टोकदार बैठक मात्र त्याच तत्त्वावर चालू शकते. बांबूची लवचीक काठी, तिच्या टोकाला नायलॉनची दोरी, पाण्यावर तरंगणारी खूण आणि गांडुळाचे किंवा कणकेचे आमिष हे काठावरून गळ टाकणाऱ्याचे नेहमीचे साहित्य असते.

विदर्भात मासेमारी हा भोई व ढिवर या समाजांचा परंपरागत व्यवसाय आहे. जलाशयांतील व्यावसायिक मासेमारी मुख्यतः जाळ्यांनी होते, तर गळाचा वापर काठावर व डोहांत केला जातो. रोहू, कटला व मृगळ हे मासे आमिष चोखून घेतात. मरळ हा शिकारी मासा आमिषावर झडप घालतो. चोखणाऱ्या माशासाठी हलका खटका व सौम्य कमान उपयोगी पडते. मरळ बहुधा स्वतःच्याच झडपेने अडकत असल्याने त्याच्यासाठी अशा उपकरणाची गरज कमी भासते. उन्हाळ्यात पाणी आटून काठ मागे सरतो. अशा वेळी ओलसर गाळात रोवलेली बैठक पक्की बसली आहे की नाही हे तपासावे लागते. अन्यथा मोठा मासा काठीसह उपकरण पाण्यात ओढून नेतो.

मर्यादा व धोके

उपकरण हिसका देते, पण मासा कोणता आहे हे ते ओळखत नाही. लहान मासा, अंड्यांवर आलेली मादी किंवा कासव यांपैकी काहीही गळाला लागू शकते. भारतातील मृदुकवची कासवांच्या अनेक जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. उपकरण लावून माणूस निघून गेला, तर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडत राहतो आणि सोडून दिला तरी त्याच्या जगण्याची शक्यता कमी होते. याउलट जवळ थांबणाऱ्या माणसाच्या हाती हे उपकरण उपकारकही ठरू शकते. हिसका वेळेवर बसल्यास गळ ओठाशीच अडकतो. उशीर झाल्यास मासा तो गिळतो आणि पोटात रुतलेला गळ काढताना बहुधा दगावतो. उपकरणाचे बरेवाईटपण असे वापरणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.

ताणलेल्या काठीवर तोंड वाकवून खटका लावल्यास डोळ्याला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून आधी काठी अडकवून नंतर आमिष पाण्यात सोडावे आणि चेहरा काठीच्या मार्गापासून दूर ठेवावा. गोठलेल्या तलावावर पायी जाण्यासाठी किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर, जाडीचा स्वच्छ व घट्ट बर्फ असावा असे मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाचे मार्गदर्शन आहे. कोणताही बर्फ पूर्णतः सुरक्षित मानला जात नाही.

कायदेशीर बाजू

आपोआप हिसका देणाऱ्या साधनांविषयीचे नियम प्रदेशागणिक बदलतात. काही ठिकाणी ती मान्य आहेत, काही ठिकाणी त्यांवर निर्बंध आहेत, तर अनेक ठिकाणी वापरणाऱ्याने दोरीच्या नजरेच्या टप्प्यात राहणे बंधनकारक असते. भारतीय मत्स्योद्योग अधिनियम, १८९७ मध्ये स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई आहे. याच अधिनियमात जमिनीत रोवलेल्या किंवा अन्य रीतीने स्थिर केलेल्या जाळे, पिंजरा, सापळा वा तत्सम साधनाची स्वतंत्र व्याख्या असून अशा साधनांच्या वापराचे नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे. हातात धरलेली काठी आणि जमिनीत रोवलेले उपकरण यांतील भेद म्हणूनच कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था स्वतःच्या खर्चाने तेथे मत्स्यबीज सोडते आणि सभासदांची उपजीविका त्यावर चालते. अशा पाण्यात छंद म्हणून गळ टाकणाऱ्यानेही संस्थेची परवानगी घेणे आवश्यक असते.

हेही पहा

गळ
तरफ
स्थितिस्थापकता
मानसोल्लास
भोई
पातूर तालुका