कार्डावर इमेज लिहिली, पण शेवटी 'व्हेरिफिकेशन फेल'? कार्ड फेकण्याआधी हे तपासा

सायवन : डहाणू तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात आणि तलासरीकडच्या अनेक पाड्यांवर मोबाईलची रेंज येते आणि जाते. अशा ठिकाणी शाळेत इंटरनेटशिवाय धडे आणि व्हिडिओ दाखवायचे असतील तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक कामाला येतो. त्यात कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली बसवली की वर्गातले टॅब जोडून मुलं धडे उघडू शकतात. हा संगणक सहसा चालतो तो छोट्याशा मेमरी कार्डावर. त्या कार्डावर 'इमेज' लिहिताना अगदी शेवटी 'व्हेरिफिकेशन फेल' असा लाल संदेश येतो आणि तासाभराचं काम वाया गेल्यासारखं वाटतं.

अशा वेळी बरेच जण पडताळणी बंद करून पुढे जातात. इथंच गडबड होते. कार्ड सुरुवातीला चालतंही, पण महिन्याभरानं पाड्यावरच्या शाळेत बंद पडलं तर कुणाला तरी पुन्हा डहाणू गाठावं लागतं आणि तोवर मुलांचे धडे बंद. म्हणून हा संदेश म्हणजे कटकट नाही, वेळेवर मिळालेली सूचना आहे.

पडताळणी म्हणजे नेमकं काय?

डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल असलेली एक मोठी फाईल. ती साधी कॉपी-पेस्ट करून चालत नाही. रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर यांसारख्या सॉफ्टवेअरनं ती कार्डावर लिहावी लागते. लिहून झालं की सॉफ्टवेअर कार्ड पुन्हा वाचतं आणि जे पाठवलं तेच परत आलं का, हे जुळवतं. एका अक्षराचा फरक पडला तरी 'फेल'.

बिघाड तीनपैकी एका जागी असतो : फाईल, वाट किंवा कार्ड. वाट म्हणजे रीडर, ॲडॉप्टर, यूएसबी पोर्ट आणि संगणक. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर दोष कुठं होता ते कधीच कळत नाही.

१) आधी फाईल तपासा

रेंज तुटत-तुटत डाउनलोड झालेली फाईल अर्धवट किंवा खराब असू शकते. अशी खराब फाईल जशीच्या तशी कार्डावर गेली तर पडताळणी पासही होते, पण संगणक सुरू होत नाही. म्हणून फाईल वेगळी तपासावी लागते. इमेज देणाऱ्या वेबसाइटवर सहसा एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राइट क्लिक करून तोच आकडा काढता येतो. दोन्ही जुळले तर फाईल ठीक. एक लक्षात ठेवा, तो आकडा झिप फाईलचा आहे की उघडलेल्या इमेजचा, ते आधी बघा. नाहीतर चांगली फाईलही खराब वाटेल.

२) मग वाट तपासा

मायक्रो कार्ड ज्या मोठ्या ॲडॉप्टरमध्ये बसवतो त्याच्या पट्ट्या सैल होतात. त्याच्या कडेची छोटी कळ 'लॉक'कडे सरकली असेल तर लिहिताच येत नाही. दुसरा रीडर लावून बघा. यूएसबी हब आणि लांब वायर टाळा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला लावा. लॅपटॉप चार्जरला जोडा आणि मध्येच स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग करा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपपेक्षा चार्ज असलेला लॅपटॉप बरा.

विंडोजही कधी कधी मध्ये लुडबुड करतं. कार्डावरचा लिनक्सचा भाग त्याला वाचता येत नाही, म्हणून 'डिस्क फॉरमॅट करा' अशी खिडकी उघडते. तिथं 'कॅन्सल'च दाबा. पडताळणी चालू असताना विंडोजनं किंवा अँटिव्हायरसनं कार्डावर एखादी छोटी फाईल टाकली तरी जुळणी चुकते. कार्डाचं फोल्डर उघडं ठेवू नका आणि दुसऱ्या संगणकावर एकदा लिहून बघा.

३) शेवटी कार्ड

फाईल बरोबर, रीडर बदलला, तरी पुन्हा फेल? मग संशय कार्डावर. दर वेळी साधारण त्याच टक्क्याला अडत असेल तर बहुधा कार्डच खराब. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर वाट पुन्हा एकदा तपासा.

बनावट कार्डांचा प्रकार वेगळाच. आत ८ जीबीची चिप असते आणि कार्ड स्वतःला ६४ जीबी म्हणवतं. पहिले ८ जीबी नीट लिहिले जातात, पुढचं सगळं हरवतं. इमेज लहान असेल तर पडताळणी पास होते आणि पुढे धडे भरताना घोळ होतो. हे ओळखायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं आहेत. ती रिकामं कार्ड पूर्ण भरतात आणि परत वाचतात. वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी वेगानं ३२ जीबी लिहायलाच सुमारे ५३ मिनिटं जातात. पण नवीन कार्ड आणलं की ही चाचणी एकदा कराच.

मात्र ३२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये २९ जीबीच्या आसपास दिसलं तर ते बनावट नाही. तो फक्त मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.

फॉरमॅट करूनही जुने फोटो परत दिसतात? मग कार्डाचं आयुष्य संपलं समजा. काही कार्डं शेवटी लिहिणं बंद करतात, फक्त वाचू देतात. त्यावर उपाय नाही. त्यातला डेटा काढून घ्या आणि कार्ड बदला.

एवढं कराच

पडताळणी पास झाली की कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा. शाळेतला संगणक थेट प्लग ओढून बंद करू नका, कारण लिहिताना अचानक लाइट गेली तरी कार्डावरची माहिती बिघडते. आणि त्याच इमेजचं, पडताळणी पास झालेलं दुसरं कार्ड तारीख टाकून शाळेच्या कपाटात ठेवा. ऐन पावसात पहिलं कार्ड बसलं तर गुरुजी दोन मिनिटांत कार्ड बदलतील आणि वर्ग चालू राहील.