व्होडाफोन आयडियाला २७,३८३ कोटींचा तोटा : हा पैसा नेमका जातो कुठे?

व्होडाफोन आयडियाचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या व्हीआयचा, २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा निकाल ३० मे रोजी आला. वर्षभराचा निव्वळ तोटा २७,३८३ कोटी रुपये. असा आकडा आला की दरवेळी दोन गोष्टी सुरू होतात. एकीकडे "सिम बंद पडणार, लगेच पोर्ट करा" असे फॉरवर्ड, आणि दुसरीकडे "शेअर फक्त सात रुपयांना मिळतोय, घेऊन ठेव" असा मित्राचा सल्ला. दोन्हीकडच्या बहुतेकांनी निकालाची पीडीएफ उघडलेली नसते.

मी सीए नाही, कोड लिहून पोट भरतो. पण एरर लॉगमधली फक्त शेवटची ओळ वाचून बग सापडत नाही, तसंच इथेही आहे. तोटा ही हिशेबाची शेवटची ओळ झाली. खरी भानगड वरच्या ओळींमध्ये आहे, आणि त्या समजायला फार अवघड नाहीत.

सुरुवात विक्रीपासून करू. कंपनीला वर्षभरात ४३,५७१ कोटी रुपयांचा महसूल मिळाला. आदल्या वर्षी तो ४२,६५२ कोटी होता. म्हणजे वाढ जेमतेम दोन टक्क्यांची. या महसुलातून नेटवर्क चालवण्याचा खर्च, वीज-डिझेल, पगार, दुकानदारांचं कमिशन, जाहिराती, सरकारची लायसन्स फी वगैरे वजा केलं की उरतात १८,१२७ कोटी. यालाच एबिटडा म्हणतात : व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीची कमाई.

थांबा, मग धंदा तर फायद्यात दिसतोय! रोजचं काम करून १८ हजार कोटी उरतात, आणि तरी शेवटी २७ हजार कोटींचा खड्डा? हो. कारण यातून अजून दोन मोठ्या रकमा जायच्या आहेत. व्याज आणि तत्सम खर्च साधारण २४,५०० कोटी, आणि घसारा साधारण २२,००० कोटी. इतर किरकोळ उत्पन्न मिळवलं की गणित बरोबर २७ हजारांच्या तोट्यावर येऊन थांबतं. नुसतं व्याजच रोजच्या कमाईपेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

भाड्याची गंमत

आता त्या १८,१२७ कोटींवरही लगेच विश्वास ठेवू नका. कंपनी याच निकालात आणखी एक आकडा देते, रोख एबिटडा, आणि तो आहे फक्त ९,२०० कोटींच्या आसपास. एकाच धंद्याचे दोन आकडे, तेही एक दुसऱ्याच्या दुप्पट?

समजा तुमची भाड्याच्या गाळ्यात खानावळ आहे. भाजीपाला, गॅस, आचारी, वाढपी असा सगळा खर्च जाऊन महिन्याला ६० हजार उरतात. त्यातून गाळ्याचं भाडं ४० हजार. तुम्ही म्हणाल, माझी कमाई २० हजार. पण २०१९ पासून आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना इंड-एएस ११६ नावाचा हिशेबाचा नियम लागू आहे. तो म्हणतो की दीर्घ मुदतीचा भाडेकरार म्हणजे जणू तुम्ही तो गाळा कर्जावर घेतलाय. त्यामुळे भाडं 'खर्चा'च्या रकान्यातून गायब होतं आणि खाली 'घसारा' आणि 'व्याज' अशा दोन रूपांत परत उगवतं. एबिटडा दिसतो ६० हजार. गाळामालक मात्र पहिल्या तारखेला ४० हजार घ्यायला येतोच.

मोबाईल कंपनीचा गाळा म्हणजे टॉवर. व्हीआय बहुतेक टॉवर स्वतःचे ठेवत नाही, इंडस टॉवर्ससारख्या कंपन्यांकडून भाड्याने घेते. हे भाडं प्रत्यक्ष दिल्यावर उरतात ते ९,२०० कोटी. कंपनीची तब्येत बघायची असेल तर मी हाच आकडा बघतो. यात नियमभंग काही नाही, सगळ्याच कंपन्या असं करतात. पण बातम्यांच्या मथळ्यात येतो तो मोठा आकडा.

आणि या ९,२०० कोटींचं काय झालं? नवे टॉवर, ४जीची क्षमता, ५जीची तयारी यावर कंपनीने वर्षभरात सुमारे ९,५७० कोटी भांडवली खर्च केला. म्हणजे धंद्यातून आलेला सगळा पैसा, आणि वर थोडा जास्तच, नेटवर्कमध्ये गेला. कर्ज फेडायला धंद्यातून काहीच उरलं नाही. वर्ष निभावलं ते एप्रिल २०२४ मधल्या १८,००० कोटींच्या एफपीओमुळे, म्हणजे लोकांकडून नव्याने घेतलेल्या भागभांडवलामुळे.

देणी कुणाची?

बँकांची, असं वाटेल. पण मार्च २०२५ अखेर बँकांचं कर्ज साधारण २,३०० कोटीच उरलंय. खरा सावकार आहे भारत सरकार. सरकारची देणी जवळपास १.९५ लाख कोटी. यातला मोठा भाग लिलावात घेतलेल्या स्पेक्ट्रमचे हप्ते, आणि उरलेला तो कुप्रसिद्ध एजीआर.

एजीआरची गोष्ट थोडक्यात. १९९९ पासून मोबाईल कंपन्या ठरावीक लायसन्स फीऐवजी महसुलातला वाटा सरकारला देतात. प्रश्न आला 'महसूल' कशाला म्हणायचं यावर. कंपन्या म्हणाल्या, फक्त टेलिकॉम सेवेतून आलेला पैसा धरा. दूरसंचार विभाग म्हणाला, ठेवींवरचं व्याज, लाभांश, मालमत्ता विकून झालेला फायदा हेही धरा. वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. मधल्या सगळ्या वर्षांची थकबाकी, त्यावर व्याज, दंड, दंडावर व्याज! विभागाच्या हिशेबाने व्हीआयच्या नावावर निघाले ५८,२५४ कोटी. कंपनीचा स्वतःचा हिशेब होता २१,५३३ कोटींचा.

२०२० मध्ये कोर्टाने हप्ते पाडून दिले, २०२१ मध्ये सरकारने चार वर्षं हप्त्यांना सवलत दिली. सवलत म्हणजे माफी नव्हे, व्याज चालूच होतं. कंपनीने ७,८५४ कोटी भरलेले असूनही ही एजीआरची रक्कम २०२५ मध्ये ७५ हजार कोटींच्या पुढे गेली होती. क्रेडिट कार्डचं 'मिनिमम ड्यू' भरत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. निकालाच्या अकराच दिवस आधी, १९ मे रोजी, व्याज आणि दंड माफ करावा ही कंपनीची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

२०२५ मध्ये ती सवलत संपत आली होती. मार्च २०२६ मध्ये एजीआरचा जो वार्षिक हप्ता येणार होता तो सोळा ते अठरा हजार कोटींच्या घरात होता. तेव्हा रोख कमाई ९,२००, बँकेत शिल्लक साधारण ९,९००. बेरीज तुम्हीच करा, आणि त्यातूनच टॉवरही उभारायचे होते हे विसरू नका. सरकारची मदत मिळाली नाही तर २०२५-२६ च्या पुढे चालणं शक्य नाही, असं खुद्द कंपनीनेच २०२५ मध्ये सरकारला कळवलं होतं. त्यामुळे 'बंद पडणार' या फॉरवर्डला तेव्हा अगदीच आधार नव्हता असंही नाही.

सरकारच मोठा भागीदार

मग सरकारने काय केलं? पैसे मागण्याऐवजी शेअर घेतले. आधी फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या देण्याचे, आणि आता एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या देण्याचे. भाव १० रुपये, कारण शेअरची दर्शनी किंमत तेवढी आहे. बाजारात तेव्हा तोच शेअर सात रुपयांच्या आसपास मिळत होता. सरकारचा हिस्सा २२.६ वरून ४८.९९ टक्क्यांवर गेला. नेमका इथेच का थांबला? कंपनी कायद्यानुसार ५१ टक्के झाले की ती सरकारी कंपनी ठरते. व्यवस्थापन आजही आदित्य बिर्ला ग्रुप आणि ब्रिटनच्या व्होडाफोनकडेच आहे, दोघांचा मिळून हिस्सा मात्र साधारण एक चतुर्थांश उरलाय.

'सात रुपयांचा शेअर' घेणाऱ्या मित्रासाठी इथे एक गोष्ट. या एका व्यवहाराने कंपनीचे शेअर सुमारे ७,१३९ कोटींवरून १०,८३४ कोटींवर गेले. दहा मित्रांत कापलेला केक आता पंधरा जणांत वाटायचा. तुमच्या हातातले शेअर तेवढेच राहिले, पण कंपनीतला तुमचा वाटा एक तृतीयांशाने घटला. त्यातच संचालक मंडळाने ३० मे रोजीच आणखी २०,००० कोटी उभारायला मंजुरी दिलीय, म्हणजे वाटेकरी पुन्हा वाढू शकतात. शेअर 'स्वस्त' दिसतो तो संख्या प्रचंड असल्यामुळे. सात रुपयांच्या हिशेबानेही या कंपनीची बाजारातली किंमत ७५ हजार कोटींच्या वर जाते.

ग्राहकांचा हिशेब

मला या निकालातला सगळ्यात बोलका भाग वाटला तो ग्राहकांचा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, आठवत असेल. त्यामुळे व्हीआयची प्रतिग्राहक मासिक कमाई, म्हणजे आर्पू, वर्षभरात १५३ वरून १७५ रुपयांवर गेली. वाढ १४ टक्क्यांची. मग महसूल फक्त दोन टक्के का वाढला? एक तर वर्षाचे पहिले तीन महिने जुन्याच दराचे होते. पण मोठं कारण म्हणजे लोक सोडून गेले. ग्राहक २१.२६ कोटींवरून १९.८२ कोटींवर आले. दिवसाला सरासरी ३९ हजार.

आणखी खोलात गेलं तर गंमत दिसते. ४जी-५जी वापरणारे ग्राहक मार्च २०२४ मध्ये १२.६३ कोटी होते, मार्च २०२५ मध्ये १२.६४ कोटी. जवळपास जिथल्या तिथे. म्हणजे एकूण घट दिसते ती जवळपास सगळी साध्या फोनवाल्या, कमी रिचार्ज करणाऱ्या ग्राहकांची. कमी पैसे देणारे गेले की सरासरी आपोआप वर जाते, वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं शाळा सोडून गेली की वर्गाची सरासरी वाढते तशी. त्यामुळे आर्पूच्या वाढीतला काही भाग दरवाढीचा, काही या गळतीचा. तुलनेला याच तिमाहीत जिओचा आर्पू २०६ आणि एअरटेलचा २४५ रुपये होता.

एक गणित करून बघितलं. एकही ग्राहक न गमावता नुसती दरवाढ करून हा तोटा शून्यावर आणायचा, तर प्रत्येकाकडून महिन्याला साधारण ११५ रुपये जास्त घ्यावे लागतील. त्यावर सरकारचा लायसन्स फीचा वाटा धरला तर सव्वाशे. १७५ चे थेट ३००. एवढे दर एअरटेलचेही नाहीत, आणि ग्राहक काही बसून राहणार नाहीत.

नेटवर्कच्या बाजूने बातमी तशी बरी आहे. मार्च २०२५ पर्यंत ४जी देशाच्या ८३ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचलं होतं, त्याच्या वर्षापूर्वी ते ७७ होतं. ५जीची सुरुवात मार्च २०२५ मध्ये मुंबईतून झाली. जिओ-एअरटेलने ५जी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू केलं होतं, म्हणजे अडीच वर्षांचा उशीर आहेच. कर्जाच्या ओझ्यामुळे गुंतवणूक रखडली, ती रखडली म्हणून ग्राहक गेले, ग्राहक गेले म्हणून ओझं आणखी जड झालं, असं हे चक्र आहे. पण निकालाच्या वेळी कंपनीची तीन वर्षांत ५० ते ५५ हजार कोटींची गुंतवणूक करायची योजना होती. त्यासाठी लागणारं बँकेचं कर्ज तेव्हा हातात नव्हतं, आणि एजीआरचं चित्र स्पष्ट झाल्याशिवाय बँका ते देतील असं मला वाटत नव्हतं.

सिमचं काय करायचं?

पोर्ट करायचं की नाही हे तुमच्या घरात आणि ऑफिसात रेंज कशी आहे यावर ठरवा, तोट्याच्या आकड्यावर नको. मोबाईल कंपनी रातोरात गायब होत नाही. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली तेव्हा ट्रायने ग्राहकांना नंबर पोर्ट करण्याची सोय द्यायला लावली होती. त्रास झाला तो नेटवर्क आधीच बंद पडलेल्या भागात, कारण पोर्टचा कोड एसएमएसने येतो आणि त्यासाठी सिमला सिग्नल लागतो. तिथेही वेगळी व्यवस्था करावी लागलीच. आणि ज्याच्या तिजोरीत एवढी मोठी रक्कम यायची आहे आणि ज्याच्या हातात निम्मे शेअर आहेत, त्या सरकारला ही कंपनी बुडालेली परवडणारी नाही. बुडाली तर बाजारात खासगी कंपन्या दोनच उरतील, आणि मग रिचार्जचे दर काय होतील हे जिओ-एअरटेलच्या ग्राहकांनीही मनाशी धरून ठेवावं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. वर्षभराचा मोठा रिचार्ज मारला असेल तर पोर्ट केल्यावर उरलेली व्हॅलिडिटी आणि बॅलन्स दोन्ही जातात, त्यामुळे प्लॅन संपत आल्यावर पोर्ट करा. आणि बँक, आधार, यूपीआय ज्या नंबरवर आहे तो पोर्ट करताना काही तास सेवा बंद राहते, तेव्हा ईएमआयच्या तारखेच्या दिवशी तो उद्योग करू नका. १९०० वर पोर्टचा एसएमएस पाठवल्यावर त्याच सर्कलमध्ये तीन दिवस लागतात. मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत, गोवा महाराष्ट्रात मोडतो. मुंबईचा नंबर पुण्यात आणणार असाल तर पाच दिवस धरा.