१९३० : मिठाचं एक वर्ष

मेसच्या आमटीत मीठ कमी पडलं की आपण केवढा आरडाओरडा करतो! आणि वाढपी मिठाची वाटी घेऊन आला की अर्धं मीठ ताटाबाहेर सांडतो. मी मालवणचा. आमच्या घरी असं मीठ सांडलं की आजी म्हणायची, "मीठ सांडू नको रे झिला, फुकट गावता काय तां?" समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना मीठ फुकट का नाही, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. ते सोडवायला १९३० सालात जावं लागतं.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता (तो झाला १९८१ साली). मालवण, वेंगुर्ले हे रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते. शेजारी सावंतवाडी संस्थान, तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. मीठ बनवण्यावर ब्रिटिश सरकारचा ताबा होता आणि दर मणामागे सव्वा रुपया कर होता. एक मण म्हणजे सुमारे ३७ किलो. माणशी वर्षाला ५ किलो मीठ धरलं तर कर होतो पावणेतीन आण्यांच्या आसपास. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण गिरणीमालक असो की पेज पिऊन राबणारा गडी, दोघांनाही तो सारखाच भरावा लागे. गांधीजींनी नेमकं मीठच का निवडलं, याचं उत्तर या गणितात आहे.

आता थोडं केमिकलवाल्यांसाठी! समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि उथळ वाफ्यांमधून पुढे पुढे सरकवत उन्हात आटवतात. आधी जिप्सम खाली बसतं. १० बादल्या पाणी आटून १ बादलीभर उरलं, म्हणजे साधारण २५ अंश बोमे इतकी घनता आली, की खाण्याच्या मिठाचे खडे धरू लागतात. शेवटी उरलेलं कडवट पाणी मॅग्नेशियमचं. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठही कडू होतं. म्हणजे इंधनाचा खर्च शून्य, सगळी भिस्त उन्हावर. आणि मृगाची एक सर आली की खेळ खलास!

हे वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवलं की १९३० साल कसं उलगडतं बघा.

गांधीजी १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी कायदा मोडला. म्हणजे ऐन मिठाच्या हंगामात. ५ मे रोजी त्यांना अटक झाली. लगेच मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आचार्य जावडेकर, अप्पासाहेब पटवर्धन, धर्मानंद कोसंबी अशी माणसं त्यात होती. रेल्वे नाही, धड रस्ते नाहीत, बोटीने नाहीतर पायी यायचं, तरी स्वयंसेवक आले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्याच शिरोड्याच्या शाळेत तेव्हा वि. स. खांडेकर मुख्याध्यापक होते आणि त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' याच वर्षी आली.

आणि मग जून उजाडला. पाऊस! वाफे भरून गेले, मीठ विरघळलं. आता कायदा मोडायचा तरी कसा? व्हायवाला असा प्रश्न आला तर आपण खाली मान घालून बसू. पण त्या लोकांनी उत्तर शोधलं. पावसात मीठ जातं, पण गवत तर वाढतं! सरकारी जंगलातलं गवत, लाकूड तोडायला बंदी होती. म्हणून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह सुरू झाला. सांगली भागातलं बिळाशी, उरणजवळचं चिरनेर ही गावं त्यामुळेच इतिहासात आली. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि सत्याग्रही मारले गेले. हंगाम बदलला की सत्याग्रहाचं हत्यार बदललं. पुढे परदेशी कापडावरचा बहिष्कार चालूच होता. १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा साधा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला.

याच वर्षाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २ मार्चला, म्हणजे दांडीयात्रेच्याही आधी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता. सरकारविरुद्ध मिठाचा हक्क मागणारा समाज आपल्याच माणसांना देवळाचं दार उघडत नव्हता. १९३० आठवताना हे विसरून चालणार नाही.

शेवटी मिळालं काय? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठागरांजवळच्या गावांना घरच्या वापरापुरतं मीठ गोळा करायची, बनवायची मुभा मिळाली. कर पुरता गेला तो १९४७ मध्ये. एवढ्याशा सवलतीसाठी एवढे लोक तुरुंगात गेले, असं कुणी म्हणेल. पण समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचं मीठ उचलता येणं, याची किंमत आण्यांत कशी मोजणार?

लहानपणी शिरोड्याला जाताना एसटीच्या खिडकीतून ती मिठागरं मी कितीदा पाहिली होती, आणि 'ही कसली चिखलाची शेती' म्हणून झोपी गेलो होतो. आजीच्या बोलण्याचा अर्थ कळला तेव्हा आजी राहिली नव्हती. तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर मालवणचा किल्ला बघा, मासे खा, पण एक दिवस शिरोड्यासाठीही ठेवा. फक्त जूनच्या आत या!