देव्हाऱ्यातली शिवराई

बेळगावच्या खडेबाजारात तांब्यापितळेची मोड घेणाऱ्या एका दुकानाच्या तराजूत, फुटक्या घंगाळाच्या तुकड्यांसोबत, दहा-बारा शिवराया पडलेल्या आम्ही काही वर्षांपूर्वी पाहिल्या. त्या कोणाच्या घरून आल्या, हे दुकानदारास ठाऊक नव्हते. तांब्याच्या भावाने आम्ही त्या घेतल्या, आणि तेव्हापासून हा नाद जडला.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया चालू झाल्या. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घण घालीत. चकती लहान, ठसा मोठा. त्यामुळे कोठे ‘श्री’ निसटे, कोठे ‘पति’ अर्धाच उतरे. ठसे कोरणारेही पंडित नव्हते; ‘शिव’चा ‘सिव’ही होई आणि ‘सीव’ही. मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने सुधारण्यात आमचा जन्म गेला. या चुका मात्र आम्हांस प्रिय आहेत, कारण त्यांवरूनच एक ठसा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. पेशवाईत, किंबहुना इंग्रजी अमदानीच्या आरंभीही शिवराई पडत होती. तेव्हा घरातली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली मानू नये. मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही मागाहूनची.

आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातही एक शिवराई होती. एका दिवाळीस आम्ही ती चिंच व रांगोळी लावून लखलखीत घासली. घरात कौतुक झाले! तो काळपट थर तांब्यावर काळाने धरलेले कवच होते, हे फार उशिरा कळले. चिंचेने ते गेले आणि रांगोळीने अक्षरांच्या कडाही नेल्या. आज त्या नाण्यावरचा ‘राजा’ बोटास लागतो, डोळ्यांस दिसत नाही. ती शिवराई आजीच्या माहेरची, निपाणीची, की सासरची, हेही आम्ही कधी विचारले नाही. ते नुकसान अधिक मोठे.

लिपीवरून राज्य ओळखू गेल्यास आपल्याच मुलखात फसगत होते. मोगलांनी बेळगावास आझमनगर हे नाव दिले होते. पुढे मराठ्यांच्या अमलात पडलेल्या काही रुपयांवर ‘आझमनगर गोकाक’ अशी टांकसाळ आहे. मजकूर फारसी आणि नाव मोगल बादशहाचे. व्यापाऱ्यांत पत त्या नावाची होती! ज्या मंगोलांवरून ‘मोगल’ शब्द आला, त्या मंगोलियाची आधुनिक नाणी तर १९२५ सालची, आणि तीही लेनिनग्राडला पाडलेली. तोवर तेथे चीनचे रुपे आणि चहाच्या विटा चलन म्हणून चालत. तेथील तुग्रुगाच्या शंभराव्या भागास ‘मोंगो’ म्हणतात. मोंगो म्हणजे रुपे. आपला ‘रुपया’ही रुप्याचाच.

हल्ली मुले घरची नाणी आम्हांस दाखवावयास आणतात. नांगराच्या फाळास ठेवा लागलेला असेल आणि त्याचे मोल दहा रुपयांवर असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळवावे लागते, हे आम्ही त्यांस आधी सांगतो. घरचे नाणे मात्र कागदी पाकिटात घालून त्यावर गाव, घर आणि देणाऱ्याचे नाते लिहवून परत करतो. परवा सातवीतल्या एका मुलीने शिवराई आणली. “सर, घासून आणू का?” असे तिने विचारले. आम्ही घाईने ‘नको’ म्हणालो, आणि तिच्या आजीचे माहेर कोणते ते विचारून येण्यास तिला घरी पाठविले.