व्यसन आणि मेंदूतील पारितोषिक-यंत्रणा

एखादा कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला, की गावात त्याच्याविषयी दोन मते ऐकू येतात. तो मुळातच वाया गेलेला आहे, हे एक. आणि मनात आणले तर तो आजच दारू सोडील, हे दुसरे. शपथ घेतलेला मनुष्य महिन्याभरात पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागला, म्हणजे पहिल्या मताला बळकटी येते व घरचेही आशा सोडून देतात. गेल्या सुमारे सत्तर वर्षांतील संशोधनाने मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली मेंदूतील एक यंत्रणाच व्यसनात वाट चुकते, असे या संशोधनातून दिसून आले आहे.

यंत्रणेचा शोध

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्‌स व पीटर मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्या. पिंजऱ्यातील दांडी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागात सौम्य विद्युत्‌प्रवाह जात असे. उंदीर ती दांडी पुन:पुन्हा दाबू लागले. पुढील प्रयोगांत तर काही उंदरांनी ती तासाला हजारो वेळा दाबली.

या मार्गावरील प्रमुख संदेशवाहक द्रव्य म्हणजे डोपामिन. मध्यमेंदूतील काही मज्जापेशी ते तयार करतात व अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडे पोहोचवितात. अन्न, पाणी, सहवास, अपत्यसंगोपन अशा जीवनोपयोगी गोष्टींकडे प्राणी पुन:पुन्हा वळावा, हे या यंत्रणेचे कार्य होय.

अपेक्षा, ओढ आणि आनंद

डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन, असा समज बराच काळ होता. वोल्फ्राम शुल्ट्‌झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी त्यात दुरुस्ती केली. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला, की डोपामिनच्या पेशी जोराने कार्य करीत. रसापूर्वी ठरावीक खूण दाखविण्यास आरंभ केल्यावर काही काळाने त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. रस मिळाल्यावर विशेष हालचाल होईना. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर त्यांचे कार्य नेहमीपेक्षा मंदावे. म्हणजे अपेक्षा व प्रत्यक्ष फळ यांतील अंतर या पेशी मोजतात व मेंदू त्यातून शिकतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे टेरी रॉबिन्सन व केंट बेरिज यांनी १९९३ साली आणखी एक भेद मांडला. एखाद्या वस्तूची ओढ वाटणे व तिच्यापासून आनंद मिळणे या दोन निराळ्या क्रिया असून डोपामिनचा संबंध मुख्यत: ओढीशी आहे. व्यसनात ओढ वाढत जाते, आनंद मात्र वाढत नाही. ‘आता पिण्यात काही गोडी राहिली नाही, पण राहवत नाही,’ असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो.

दिशाभूल कशी होते

दारू, तंबाखू, अफू यांसारखे पदार्थ निरनिराळ्या मार्गांनी डोपामिनचे प्रमाण वाढवितात. विडीच्या धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. हा मारा वारंवार झाला म्हणजे मेंदू आपली संवेदनक्षमता कमी करतो. मग पूर्वीचा परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते, आणि जेवण, काम, मुलाबाळांचा सहवास यांतील गोडी ओसरते. कपाळामागील मेंदूचा जो भाग विचार व संयम सांभाळतो, त्याची पकडही सैल होते.

जुगारात कोणताही पदार्थ शरीरात जात नाही, तरीही घडते ते बरेचसे असेच. फळ केव्हा मिळेल हे अनिश्चित असल्याने अपेक्षा सतत जागी राहते. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनप्रमाणे कार्य करणारी औषधे दिल्यावर जुगाराचा अनावर छंद जडल्याचे आणि औषध कमी करताच अनेकांचा तो ओसरल्याचे आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात जुगाराबरोबर व्हिडिओ खेळांच्या अनावर सवयीचाही समावेश आहे.

परिसराचा वाटा

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स यांनी केलेली पाहणी या संदर्भात उद्बोधक आहे. १९७१ साली परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तेथे अफूजन्य पदार्थांच्या अधीन झाला होता. मायदेशी पहिल्या वर्षात त्यांपैकी अगदी थोडे पुन्हा व्यसनाधीन झाले. पदार्थाची सहज उपलब्धता, ते साथीदार व तो परिसर मागे पडला होता. उलट, उपचार घेऊन आलेला मनुष्य त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत परतला, की जुन्या खुणा ओढ जागी करतात. पुन्हा घसरण होणे हे उपचार अधिक काळ चालू ठेवण्याची गरज दर्शविते; तो नालायकीचा पुरावा नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी बोध

या ज्ञानातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्यास चारचौघांत शपथ घालून एकाएकी दारू बंद करावयास लावणे धोक्याचे ठरू शकते. झटके, भ्रम व क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून हे काम वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव आहे. त्यामुळे अशा व्यक्तीस उपचार मिळणे हा उपकाराचा विषय राहिलेला नाही. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने उपचारांत कुटुंबाला सहभागी करून घेण्याचे महत्त्व दाखवून दिले आहे.

संयम सांभाळणारा मेंदूचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. म्हणून शाळकरी वयात पहिली पुडी वा पहिला घोट जितका लांबेल तितका हिताचा. शिक्षकांचे कार्य येथे मोलाचे आहे. ग्रामपंचायतींच्या हाती परिसर आहे. शाळेजवळील तंबाखूविक्री रोखणे, गावातील महिलांनी ‘आडव्या बाटली’च्या मतदानाचा हक्क वापरताना त्यांच्या पाठीशी राहणे, वाचनालय व क्रीडांगण चालू ठेवणे या गोष्टी ओढ जागविणाऱ्या खुणा कमी करतात आणि आनंदाचे दुसरे मार्ग खुले करतात. व्यसनमुक्त होऊन आलेल्या माणसास रोजगार व मान मिळाला, तर मेंदूला नवे वळण लागण्यास अवसर मिळतो. त्यास महिने, कधी वर्षेही लागतात. तेवढा धीर गावाने धरणे अगत्याचे आहे.