स्केल पाठ आहे, मग सोलो का अडतो?

गिटारच्या क्लासला वर्षभर गेलेल्या मुलाला ‘ए मायनर पेंटाटॉनिक वाजव’ म्हटलं, की त्याची बोटं पाचव्या फ्रेटवर जातात आणि पाच स्वर सरसर वर चढून खाली येतात. त्यालाच मागे कॉर्ड लावून ‘आता मनाने वाजव’ म्हणा. तेच स्वर, तोच क्रम, फक्त वेग थोडा जास्त. रियाज कमी पडतोय असं समजून तो आणखी तासभर स्केल घासतो. मला वाटतं, त्याचा रियाज भरपूर आहे, पण तो बोटांचा आहे. कोणत्या जागी कोणता स्वर निघणार, हे त्याच्या कानाला आधी कळत नाही.

यात वाद्याच्या रचनेचाही हात आहे. हार्मोनियमवर त्या-त्या सप्तकातल्या स्वराला एकच पट्टी. गिटारची पहिली तार मोकळी छेडली की जो ई वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही सापडतो. शेजारशेजारच्या तारा पाच-पाच फ्रेटच्या अंतराने लावलेल्या असतात, पण तिसरी आणि दुसरी यांच्यात चारच, म्हणून आकृती तिथे सरकते. हा गुंता टाळायला पाचव्या ते आठव्या फ्रेटमधला एक ‘बॉक्स’ पाठ करून घेतात. सुरुवातीला तो फार उपयोगी पडतो. पुढे मात्र वादक त्यातून बाहेरच पडत नाही.

अमेरिकन गिटारवादक मिक गुडरिक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अॅडव्हान्सिंग गिटारिस्ट’ या पुस्तकात यावर साधा मार्ग सुचवला: एकाच तारेवर वाजवा. दुसऱ्या तारेवर हे पाच स्वर घ्या. पहिल्या फ्रेटवर सी, तिसऱ्यावर डी, पाचव्यावर ई, आठव्यावर जी, दहाव्यावर ए. हात आडवा सरकू लागला की कुठलं अंतर दोन फ्रेटचं आणि कुठलं तीनचं, हे डोळ्याला दिसतं आणि कानाला पटतं. सोबत स्वर तोंडाने म्हणा. जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन सोलो वाजवताना तेच स्वर गळ्यातूनही काढतात. ज्याला फ्रेज आधी गाता येते, त्याचं बोट सवयीच्या मागे फरफटत जात नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तर हे परकं नाही. पेटी किंवा गाणं शिकताना ‘सारेग, रेगम, गमप’ असे पलटे घोटलेलेच असतात. तेच या पाच स्वरांत करा: तीन-तीनचे गट, एक स्वर वगळून, उलटे, मेट्रोनोम साठवर ठेवून. आणखी एक गंमत आहे. ए हा षड्ज मानला तर हे धानी रागाचे स्वर होतात. फ्रेट न बदलता सी हा षड्ज मानला की भूपाचे. मागे आधी ए आणि मग सी असा तानपुरा लावून हेच पाच स्वर वाजवून बघा; विसावायची जागा बदलली की सगळा भावच पालटतो.

कॉर्ड बदलतात तेव्हाही हेच घडतं, आणि ते शिकायला ए मधला बारा बारचा ब्लूज उत्तम. पहिले ४ बार ए सेव्हन, मग २ बार डी सेव्हन, २ पुन्हा ए, १ ई सेव्हन, १ डी आणि शेवटचे २ ए. प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं. आता सी हा एकच स्वर धरा. ए सेव्हनमध्ये सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार असतो आणि त्यावर आपण कोमल गंधार लावतो. ही घासाघीस म्हणजेच ब्लूजचा रंग. जाणते वादक तार किंचित ओढून सी वर झुकवतात, सी शार्पपर्यंत पुरता पोचू देत नाहीत. डी सेव्हन आली की तोच सी कॉर्डमधलाच एक स्वर होतो आणि निवांत बसतो. ई सेव्हनवर तो पुन्हा परका. तिथे ई किंवा डीवर न्यास करावा.

म्हणून पहिल्या आवर्तनात सोलो वाजवूच नये. कॉर्ड बदलेल तिथे पहिल्या मात्रेवर तिचा मूळ स्वर, ए, डी किंवा ई, तेवढाच वाजवावा. ते नेमकं साधलं की त्या स्वराच्या आधी दोन-तीन स्वर जोडावेत. चार-पाच आवर्तनांत त्यातूनच वाक्यं तयार होऊ लागतात. मग दोन बार वाजवायचं, दोन बार थांबायचं. हे थांबणं सर्वांत कठीण, आणि नवशिके नेमकं तेच टाळतात. ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाता गाता गिटार वाजवत नसत. ओळ गायची, मग गिटारने उत्तर द्यायचं. त्यामुळे त्यांच्या वादनात गायकाच्या श्वासाएवढी उसंत आहे. मोजके स्वर आणि डाव्या हाताचा दाट व्हायब्रॅटो एवढ्यावर त्यांचा एक स्वर ऐकूनही माणूस ओळखता येतो.

हे काम सगळे बॉक्स आणि मोड शिकून झाल्यावर करायचं नव्हे. आज पाचच स्वर येत असतील तर आजच बॅकिंग ट्रॅक लावा, तीन आवर्तनं वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. कोणता स्वर कॉर्डवर बसला आणि कोणता चुकून लागला, हे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. पुढच्या रियाजाला तिथूनच सुरुवात करा.