रग्बीचा एक हंगाम

‘रग्बी लीग’ हे दोन शब्द वर्तमानपत्रांत एकत्र छापलेले दिसले कीं वाचकानें क्षणभर थांबावें हें बरें. त्यांचे अर्थ दोन आहेत आणि ते एकमेकांपासून पुष्कळच दूर आहेत. इंग्लंडांतील यॉर्कशायर व लँकॅशायर या परगण्यांत, किंवा ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं, हें एका स्वतंत्र खेळाचें नांव आहे. त्यांत प्रत्येक बाजूस १३ गडी असतात. आपल्याकडे मात्र जशी कबड्डीची लीग, क्रिकेटची लीग, तशीच ही रग्बीची लीग, असा साधा अर्थ घेतला जातो. २०२५ च्या जून महिन्यांत अंधेरी येथें रग्बी प्रीमियर लीगचा जो पहिला हंगाम पार पडला तो या दुसऱ्या अर्थाचा होता. तेथें खेळला गेलेला खेळ लीग-रग्बी नव्हता, युनियन-रग्बी होता, आणि तोही सात-सात गड्यांचा.

एकाच नांवाचे हे दोन खेळ कसे झाले याची हकीकत ऐकण्याजोगी आहे, कारण तिचें मूळ खेळांत नसून मजुरींत आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत रग्बी खेळणारे पुष्कळसे गडी कोळशाच्या खाणींत आणि कापडाच्या गिरण्यांत राबणारे होते. शनिवारीं सामना असला कीं त्यांची रोजी बुडे. बुडालेली रोजी क्लबानें भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनकडील धुरीणांना ती मान्य होईना. खेळासाठीं पैसा घेणें म्हणजे खेळ बाटविणें, असें त्यांचें मत. ज्यांच्या घरीं शनिवारच्या रोजीवांचून कांहींच अडत नव्हतें त्यांना असें मत बाळगणें सोपेंच होतें! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड गांवच्या जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनीं वेगळी चूल मांडली.

पुढें या मंडळींनीं खेळाचें रूपही पालटलें. प्रेक्षकांनीं दारावर पैसे मोजावयाचे तर त्यांना गड्यांच्या ढिगापेक्षां धांवता चेंडू दिसला पाहिजे, हा त्यांचा व्यवहारी हिशेब. म्हणून १९०६ सालीं १५ ऐवजीं १३ गडी झाले, आणि पकडलेल्या गड्यानें उठून चेंडू पायानें मागें सरकवावा व खेळ चालू करावा असें ठरलें. आजच्या नियमाप्रमाणें एका संघास सहा पकडींपर्यंतच चेंडू ठेवतां येतो. मग तो प्रतिपक्षाच्या हवालीं करावा लागतो. युनियनवाल्यांनीं पैशाविरुद्धचा निर्बंध उठविला तो १९९५ सालीं. ज्या कारणासाठीं घर फुटलें तें कारण संपावयास बरोबर १०० वर्षें लागलीं.

मुंबईकरांस हा प्रसंग परका वाटूं नये. लालबाग-परळच्या गिरणगांवांत हुतुतू वाढली ती पाळीवरून सुटलेल्या कामगारांच्या बळावर. तिला ना चेंडू लागे, ना बूट, ना हिरवळ. रग्बी मात्र या देशांत आली ती साहेबांच्या जिमखान्यांतून. १८७२ च्या नाताळच्या दिवशीं कलकत्त्यास पहिला सामना झाला आणि १८७३ च्या जानेवारींत तेथें क्लब स्थापन झाला. पण हवा रग्बीला मानवेना, साहेबांचें मन टेनिस व पोलो यांकडे वळलें, आणि पांच-सहा वर्षांतच क्लब मोडला. बँकेंत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढून, वितळवून तिचा एक करंडक घडविण्यांत आला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आणि झांकणावर हत्ती. हाच कलकत्ता कप. त्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला सामना १० मार्च १८७९ रोजीं एडिंबरो येथें झाला आणि आजही तो त्यांच्यांत लढविला जातो. ज्या देशाच्या रुपयांचा तो घडला त्या देशाचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ सालीं, सिंगापुराविरुद्ध! मधल्या काळांत मुंबईंत हा खेळ मुख्यतः बाँबे जिमखान्याच्या मैदानावर, पावसाळ्याच्या चिखलांत, टिकून राहिला.

सात गड्यांच्या रग्बीचा जन्म १८८३ सालचा, स्कॉटलंडांतील मेलरोझ गांवचा. गांवच्या क्लबाला पैशाची चणचण होती. नेड हेग नांवाच्या खाटकानें सुचविलें कीं कमी गड्यांचे लहान लहान सामने एकाच दिवसांत भरवावे. युक्ति लागू पडली. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत हा प्रकार प्रथम घेण्यांत आला, आणि फिजीसारख्या चिमुकल्या बेटांच्या देशानें अंतिम सामन्यांत ग्रेट ब्रिटनला ४३–७ असें हरवून आपलें पहिलें ऑलिंपिक पदक, तेंही सुवर्णपदक, मिळविलें.

आतां अंधेरीच्या हंगामाकडे वळूं. शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलांत १५ जून ते २९ जून असे पंधरा दिवस तो चालला. संघ सहा होते : मुंबई ड्रीमर्स, दिल्ली रेड्झ, चेन्नई बुल्स, बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स, हैदराबाद हीरोज आणि कलिंग ब्लॅक टायगर्स. प्रत्येक संघाची इतर पांचांशीं दोन-दोनदां गांठ, म्हणजे ३० सामने. त्यांत दोन उपांत्य, एक तिसऱ्या क्रमांकाचा आणि एक अंतिम मिळवला कीं ३४. नांवें सहा ठिकाणांचीं, पण सारे सामने मुंबईंतच. त्यामुळें घरचें मैदान काय तें एकट्या मुंबईला. सामना १६ मिनिटांचा, चार-चार मिनिटांचे चार भाग पाडलेला. एरव्हीं सात जणांच्या रग्बींत सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. चार मिनिटें ऐकावयास थोडीं वाटतात. पण १०० मीटर लांब व ७० मीटर रुंद मैदान पंधरांच्या जागीं सातांनींच राखावयाचें असतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे गड्याची छाती कां भरून येते तें समजतें.

कबड्डी जाणणाऱ्या मराठी माणसाला हा खेळ समजावयास फार वेळ लागूं नये. कबड्डींतही सातच गडी, आणि दोन्हींचा जीव पकडींत आहे. भेद आहे तो पकडीनंतरच्या वागणुकींत. कबड्डींत धरलेला चढाईपटू दम संपेपर्यंत सोडावयाचा नसतो. रग्बींत गडी जमिनीवर आला कीं पकडणाऱ्यानें त्याला तत्काळ सोडलें पाहिजे आणि पडलेल्यानें चेंडू सोडला पाहिजे. मग दोन्ही बाजूंचे गडी पायांवर उभे राहून त्या चेंडूसाठीं झटतात. नवख्याला गोंधळ दिसतो तो नेमका येथें. दुसरा नियम त्याहून विचित्र : चेंडू हातानें पुढें टाकतां येत नाहीं. पुढें जावयाचें तर स्वतः धांवावें किंवा चेंडू लाथाडावा. सोबत्याला द्यावयाचा तर बाजूला किंवा मागें. हातून निसटून चेंडू पुढें पडला तरी तो दोषच, आणि खेळ सामान्यतः प्रतिपक्षाच्या स्क्रमनें सुरू होतो. त्या वर्षीं मोसमी पाऊस मुंबईंत २६ मे रोजींच येऊन दाखल झाला होता. ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा हातांतून सुटतो, तेव्हां जून महिन्यांतला हंगाम हा हातांच्या शिस्तीचीही परीक्षा असतो.

गुणांचा हिशेब असा. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे ट्राय, तिचे ५ गुण. मग खांबांमधून चेंडू मारण्याची संधि मिळते, ती साधल्यास आणखी २. पेनल्टीची किंवा खेळतां खेळतां टप्पा देऊन मारलेली लाथ खांबांमधून गेली तर ३. अंतिम सामन्यांत चेन्नईनें दिल्लीला ४१–० असें नमविलें. घरांतील मुलांना एक गणित घालावयास हरकत नाहीं : तीन गुणांच्या लाथा वगळल्या तर ४१ हा आंकडा किती रीतींनीं जुळेल? उत्तर एकच, सात ट्राय आणि तीन साधलेल्या लाथा. आंकडा कसाही जुळला असो, अंतिम सामन्यांत पोहोंचलेल्या संघाला १६ मिनिटांत एकदांही खातें उघडतां येऊं नये, ही चेन्नईच्या पकडीची खरी पावती होय.

या हंगामाची खरी मेख मात्र गुणफलकावर दिसत नाहीं. प्रत्येक संघांत १३ जण होते. त्यांपैकीं ५ जगांतील नामांकित, ३ कॅनडा, जर्मनी व हाँगकाँग येथील, आणि ५ भारतीय. म्हणजे आठ पाहुणे आणि पांच घरचे. पाहुण्यांमुळें खेळ उंचावतो आणि शेजारीं धांवतां धांवतां आपला गडी शिकतो, हें खरें; पण हे पांच जण तयार कोठें होतात? भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांनीं २००७ सालीं लंडनला चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. तीं मुलें लिलावांतून आलेलीं नव्हतीं, शाळेंतून आलेलीं होतीं. मुलींनींही वेळ दवडला नाहीं. भारताचा महिला संघ २०१८ सालीं प्रथम पंधरा जणींचें रग्बी खेळला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें सिंगापुरावर मात केली.

भाईंदर पूर्वेच्या मुलाला अंधेरी कांहीं दूर नाहीं. चर्चगेटकडील धीमी गाडी धरली कीं मीरा रोड, दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगांव, राम मंदिर, जोगेश्वरी आणि मग अंधेरी. त्याला दूर आहे तें मैदान. पुरें रग्बीचें मैदान ७,००० चौरस मीटरांचें, म्हणजे पावणेदोन एकरांच्या जवळपास. नवघर, गोडदेव, खारीगांव या भागांत इमारती अशा दाटल्या आहेत कीं तेवढी सलग हिरवळ मागणें म्हणजे आकाशाचा तुकडा मागणें. पालकांना आणखी एक धास्ती असते, ती दुखापतीची. ती अनाठायीं नाहीं. म्हणूनच नियमांत खांद्यावरील पकड निषिद्ध आहे. पिवळें पत्रक दाखविलेल्या गड्याला सात जणांच्या खेळांत दोन मिनिटें बाहेर बसावें लागतें आणि लाल पत्रक मिळालेल्याला तो सामना सोडावा लागतो.

या दोन्ही अडचणींवर खुद्द रग्बीवाल्यांनींच एक तोड काढलेली आहे. तिला टॅग रग्बी म्हणतात. गड्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन फिती लोंबत असतात. फीत ओढून काढली कीं पकड झाली. अंगाला अंग लावावयाचें नाहीं. चेंडू मागें देण्याचा नियम, ट्राय आणि धांव सारें तेंच राहतें. यासाठीं हिरवळ लागत नाहीं, दगड वेंचून काढलेलें शाळेचें पटांगण पुरतें, आणि मुलें-मुली एकत्र खेळूं शकतात. खर्च एका चेंडूचा आणि डझनभर पट्ट्यांचा. आणि चेंडू येईपर्यंत फिती ओढण्याचा सराव जुन्या साडीच्या कांठांवरही होतो.